डावा जबडा, पंधरा नोंदी

जानेवारीचा तिसरा शनिवार, सकाळी साडेनऊ. फी अठरा हजार पाचशे रुपये, दोन दिवसांच्या शिबिराची, जेवणासह. हजर: बारा दंतवैद्य, त्यांनी तपासून बघायला घरून आणलेली बारा माणसं आणि शिकवणाऱ्या एक मॅडम. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरचा हॉल. विषय, जबड्याच्या सांध्याचे आणि दात एकमेकांवर नीट न बसण्याचे आजार कसे ओळखायचे आणि त्यावर काय करायचं. बारांतली एक माझी बायको. तिचा मुलुंडला बावीस वर्षं दवाखाना आहे. तिने आणलेला माणूस मी.

मला न्यायला कारण होतं. दोन महिने माझा डावा जबडा दुखत होता. बायकोने विचारलं होतं, "कधी दुखतो?" मी दुखण्याच्या नोंदींची माझी वही बघून सांगितलं, "बहुतेक सकाळी." तिने लगेच निदान केलं: रात्री झोपेत दात खाता. तिने दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी करून दिली. सहा आठवडे मी ती घालून झोपलो. दुखणं तसंच.

त्या सकाळी लिफ्टला रांग होती म्हणून जिन्याने गेलो. वर पोचलो तेव्हा जबडा चांगलाच धरला होता. चार मिनिटांनी सुटला. मी वही काढून पंधरावी नोंद केली.

हॉलमध्ये तपासायची खुर्ची एकच होती, तिच्यावर पहिला मी. दहिसरची एक तरुण डॉक्टर मोजपट्टी घेऊन आली.

"काका, मोठ्ठं तोंड उघडा. घरी बायकोसमोर उघडत नसाल एवढं."

"घरी उघडायची सोयच नाही," मी म्हटलं. सगळे हसले, बायको सोडून. तिची केस वर्गासमोर होती.

शेहेचाळीस मिलिमीटर. म्हणजे व्यवस्थित. सांध्यात कटकट आवाज नाही. गालाचे, कानशिलाचे स्नायू दाबून पाहिले, कुठेच दुखलं नाही. मग निळा कागद चावायला दिला. डावीकडच्या खालच्या शेवटच्या दाढेवर गडद ठिपका उमटला.

"हाच बघा! ही दाढ उंच लागतेय," दहिसरवाली म्हणाली. "थोडी घासली की झालं."

दोघातिघांनी माना डोलावल्या. बायकोनेही. कोणीतरी मशीन चालू केलं. तो आवाज ऐकून मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"घासलेली दाढ परत उगवते का गं?" मॅडमनी मागून विचारलं. मशीन थांबलं. "सगळं नीट आहे, तरी दुखतंय. मग दुखतंय ते काय?"

त्यांनी मला च्युइंगम दिलं. पाच मिनिटं चावलं, दोन्ही बाजूंनी. काही नाही.

"आता शेवटचं कधी दुखलं?"

मी वही पुढे केली. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, किती मिनिटं. मी फक्त नोंदी मोजत आलो होतो: सकाळच्या बारा, संध्याकाळच्या तीन. मॅडमनी जागेचा रकाना वरून खाली बोट फिरवत वाचला. घाटकोपर मेट्रोचा जिना, असं अकरा वेळा. आमच्या इमारतीचा जिना, लिफ्ट बंद, दोनदा. बाजारातून पिशव्या घेऊन चढाने, एकदा. आणि आजचा जिना.

"जेवताना एकदाही नाही?"

"नाही."

"थांबलात की जातं?"

"हो."

त्यांनी वही बायकोच्या हातात दिली. तिने रकाना वाचला, आणि तिचा चेहरा उतरला.

"अहो, मला ही वही का नाही दाखवलीत?"

"तू वेळ विचारलीस. मी वेळ सांगितली."

"डॉक्टर," मॅडम तिला म्हणाल्या, "हा जबडा नाही. हृदय असू शकतं. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. आणि यांना एक पायरीसुद्धा चढू-उतरू देऊ नका."

मी वर चढताना ज्या लिफ्टची वाट बघितली नव्हती, तिचीच सात मिनिटं वाट बघितली. बायकोने माझं मनगट धरलं होतं. धीर द्यायला धरलंय की नाडी मोजतेय, हे मी विचारलं नाही. दहिसरवाली रिक्षापर्यंत आली आणि वाटभर एकच वाक्य म्हणत राहिली, "काका, बोलू नका."

हॉस्पिटलात पहिला कार्डिओग्राम नॉर्मल निघाला. मला हायसं वाटलं, बायकोला नाही. तिने वही तिथल्या डॉक्टरांपुढे उघडली आणि जागेच्या रकान्यावर बोट ठेवलं. त्यांनी मला ठेवून घेतलं. सोमवारी अँजिओग्राफी झाली. हृदयाची एक मुख्य नळी जवळजवळ बंद होती. त्याच टेबलावर स्टेंट बसला. डावी दाढ अजून पूर्ण उंचीची आहे, आणि जबडा त्यानंतर दुखलेला नाही.

रिक्षाला शहाऐंशी रुपये. हॉस्पिटलचं बिल विम्याने भरलं, माझ्या वाट्याचे अकरा हजार तीनशे चाळीस सोडून. शिबिरवाल्यांनी बुडालेल्या दिवसांचे पैसे परत देऊ केले, ते बायकोने घेतले नाहीत. जूनच्या तुकडीसाठी तिने पुन्हा पूर्ण अठरा हजार पाचशे त्यांनाच भरले. या वेळी माणूस म्हणून तिने भावाला नेलं, आणि नेण्याआधी त्याला बजावलं, कधी दुखतं ते नंतर सांग, आधी दुखताना कुठे असतोस ते सांग.