आईच्या तक्त्यावरच्या खोट्या खुणा

आधीच कबूल करतो. आईच्या व्यायामाच्या तक्त्यावर मी आठवडाभर खोट्या खुणा केल्या.

ती नागपूरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, पार्सिपनीला आली होती. जानेवारीत घरासमोरच्या ड्राइव्हवेवरच्या बर्फावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. बर्फ वितळावा म्हणून तिथे मीठ टाकायचं काम माझं होतं. मी ते उद्यावर ढकललं होतं. ऑपरेशन नीट झालं. पण नागपुरात ती दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि तिथे लिफ्ट नाही. जिना चढता आला तरच तिला घरी परतता येणार होतं. आणि तिला परतायचंच होतं.

दर सोमवारी फिजिओथेरपिस्ट घरी यायची. उंच, खणखणीत आवाजाची बाई. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायचं, दिवसातून तीनदा, असा तक्ता तिने दिला. तिच्यासमोर आई चारदा उठली. ती गेल्यावर मात्र दुसऱ्याच खेपेला आईचा चेहरा वेदनेने आक्रसला की मी म्हणायचो, "राहू दे आई, बस." आणि तक्त्यावर खूण करून टाकायचो. चहा, गोळ्या, चष्मा, सगळं तिच्या हातात नेऊन द्यायचो. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं हो!" त्या दिवशी मी आणखीच धावलो.

पुढच्या सोमवारी आई दोनदा उठली. तिसऱ्यांदा उठताच येईना. थेरपिस्टने तक्ता पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाली, "या कागदाप्रमाणे यांनी आता नाचायला हवं."

"काय म्हणते रे?" आईने विचारलं.

"छान चाललंय म्हणते."

"तीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसलेय मी. नाच तेवढा कळतो मला इंग्रजीतला."

मी दोघींना खरं सांगून टाकलं. थेरपिस्ट रागावली नाही. तिने आईसमोर दुसरी खुर्ची ओढली आणि मला बसवलं. दोघांनी एकदम उठायचं, हात छातीवर. माझी मुलगी शाळेतून आली होती, ती ओरडून मोजायला लागली. "डॅड, नो हँड्स!" सातव्या खेपेला माझे गुडघे कुरकुरले. आई तोवर तिसरी खेपही जमवून आरामात बसली होती.

"अगं, माझा वॉकर याला दे," ती नातीला म्हणाली.

त्यानंतर चहा आई करायची, ओट्यापाशी उभं राहून. मी उठायला लागलो की चमचा रोखायची. "बूड हलवलंस तर बघ!" बसून राहणं मला फार जड गेलं. पण दिवसागणिक ओट्याला धरलेला तिचा हात सुटत गेला.

मार्चअखेरीस ती आमच्या घरातल्या चौदा पायऱ्या कठडा धरून चढली. मी मागे होतो, हात पसरून. वरच्या पायरीवर ती दम खात बसली.

"माझ्या पायांवर भरवसा नव्हता ना तुझा?"

"नव्हता," मी म्हणालो. "तुझं दुखणं मला बघवत नव्हतं, म्हणून तुला बसवून ठेवलं. वर तुझ्या नावाने खोटं लिहिलं. चुकलो गं आई. माफ कर मला."