दोरीच्या तीन गाठी

कर्जतच्या बाजारातल्या मशीनच्या दुकानदारांचं नाव मला माहीत नाही. करवतीच्या पात्याला धार लावायला मी नेहमी जाते, पण विचारायची हिंमत झालेली नाही. कुठलंही मशीन दाखवताना ते स्वतःचा चहा त्याच्यावर ठेवतात आणि बटण दाबतात. चहा हिंदकळला, की म्हणतात, "नाय." एवढंच.

मी घरच्या पडवीत लाकडी पाट बनवते. त्यासाठी लहान टेबल करवत घ्यायची होती. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून मापाच्या गाठी मारलेली दोरी घेऊन गेले.

दुकानात एक जण मोबाईलमधला मशीनचा फोटो दाखवत होता. तो हसला. "वहिनी, हितं दोऱ्या नाय मिळत."

दुकानदारांनी दोरी हातात घेतली. "ही गाठ कसली, ताई?"

"माझ्या कंबरेची उंची."

"ही?"

"पडवीचं दार."

"आनि ही?"

"सगळ्यात रुंद पाट."

त्यांनी एकेक मशीन दोरीने मोजलं. मोठं, चकचकीत मशीन माझ्या दारातच अडलं असतं. कोपऱ्यातल्या लहान मशीनला तिन्ही गाठी जुळल्या, आणि चहाही हलला नाही.

मग ते त्या माणसाला म्हणाले, "तू फोटू आनलास रं. ताईंनी घर आनलंय."

परवा पात्याला धार लावायला गेले, तेव्हा एक नवं गिऱ्हाईक विचारत होतं, "कुठलं मशीन चांगलं?"

दुकानदारांनी त्याच्यापुढे सुतळीचा तुकडा टाकला. "आदी घरी जा. तीन गाठी मारून आन."

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी मात्र स्टेशनपर्यंत मान वर करून चालत गेले.