उभा राहिलेला वर्ग

झांबियातल्या एका खेड्यात कॅथलिक मिशनची मुलींची माध्यमिक शाळा आहे. चांगी बिझनेस पार्कातल्या आमच्या ऑफिसच्या एका उपक्रमातून मी तिथे दर शनिवारी व्हिडिओवरून गणित शिकवतो. मुली लांबलांबच्या वस्त्यांवरून चालत येतात. भिंतीवर मी दिसलो की सगळ्या उठतात, "गुड मॉर्निंग, सर" म्हणतात आणि मी "बसा" म्हणेपर्यंत बसत नाहीत. तिथली रीतच आहे तशी.

पुढचं मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी मुली नुकत्याच उठल्या होत्या, तेवढ्यात हॉलमधून मुलगा त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडला, "बाबा, लास्ट ओव्हर! कम, लाह!" मी कॅमेरा आणि माइक बंद केला, चॅटमध्ये टाकलं, नेटवर्क गेलंय. ऑफिसात नकोशा मीटिंगमधून आम्ही सगळे असेच सटकतो. हात सरावलेला होता.

ओव्हर संपली, मग बक्षीस समारंभही पाहिला. परत आलो तर त्या उभ्याच. मला त्या दिसत होत्या, त्यांना मी नाही. एकीनं भिंतीला खांदा टेकला होता. मुख्याध्यापिका सिस्टर डोळे मिटून पुढे उभ्या, आणि सगळा वर्ग माझ्या नेटवर्कसाठी प्रार्थना करत होता. कॅमेरा लावायची हिंमत झाली नाही. लॅपटॉप मिटला.

पुढच्या आठवड्यापासून तास त्या प्रार्थनेनंच सुरू होऊ लागला. मीही मान खाली घालून "आमेन" म्हणायचो. पण लॅपटॉप बंद असला तरी त्यामागे त्या उभ्या आहेत असं वाटायचं. भर दुपारी, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये, मी मोठ्यानं "बसा" म्हणायचो. बायको विचारायची, "अहो, कुणाला बसवताय?"

शेवटी सिस्टरना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? उभ्या त्या होत्या."

मग वर्गाला सांगितलं. मॅचसकट. मागून एकीनं विचारलं, "मग जिंकलं कोण, सर?"

"आम्ही."

दोघीतिघी हसल्या. मला बरं वाटलं, तेही आज सांगायला लाज वाटते.

पुढच्या शनिवारी त्या उठल्या, मी "बसा" म्हणालो, बसल्या. वह्या उघडल्या. मी मान खाली घालून थांबलो. प्रार्थना कुणीच सुरू केली नाही.

"सर, शिकवा ना," पहिल्या बाकावरची म्हणाली. "तुमचं नेटवर्क चांगलं असतं."