चौथी ओळ

नगरच्या एका खासगी दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या दारासमोर, रोज चार वाजता मी नातेवाइकांचा वर्ग घेते. माझं शिक्षण नर्सिंगचं, पण भिंगारला छावणीशेजारी वाढल्यामुळे आवाज हवालदाराचा आहे. त्यामुळेच हे काम माझ्या गळ्यात पडलं असावं. वर्गाला फळा नाही, आणि विद्यार्थ्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं, ते म्हणजे आत कधी सोडणार.

माझ्या हातात एक छापील कागद असतो. हात धुवा. नळ्यांना हात लावू नका. रुग्णाच्या तोंडात काही घालू नका, तीर्थसुद्धा नाही. चौथी ओळ माझी लाडकी: रुग्णाला ऐकू येतं, त्याला नावाने हाक मारा. पाचवी चपला बाहेर काढण्याबद्दल आहे आणि लोक तेवढी एकच मनापासून पाळतात.

एका हंगामात पाथर्डीकडची एक ऊसतोड करणारी बाई या वर्गात आली. उसाच्या पाचटाच्या कोपीत जमिनीवर झोपलेल्या तिच्या नवऱ्याला पान लागलं होतं. साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत. साप मण्यार जातीचा होता. त्याच्या विषाने पापणी उघडत नाही, बोट हलत नाही, श्वासही यंत्रानेच द्यावा लागतो, आणि आत मात्र माणूस जागा असू शकतो. डॉक्टर म्हणाले होते की काही दिवस यंत्रावर निघाले तर हा उठेल.

तिसऱ्या दिवशी तिचा थोरला दीर गावाकडून भाड्याची जीप घेऊन आला. पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून त्याने भावाला नीट पाहिलं आणि तिथूनच मोबाईलवर गावात सरणाच्या लाकडांचं सांगून टाकलं. बाहेर येऊन मला म्हणाला की छाती मशीन हलवतंय, भाऊ केव्हाच गेलाय, आता त्याला घरी न्यायचं. मी त्याला सगळा धडा उभ्या उभ्या शिकवला. नळी काढली तर तो खाली जीपपर्यंतही पोचणार नाही, हे दोनदा सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं काम हाय त्ये तुमी करताय," तो म्हणाला. "पर मेल्यालं मानूस आमाला कळतं."

घरी न्यायच्या कागदावर सही मात्र बायकोची लागणार होती. तिचा माझ्याकडे एकच प्रश्न होता, त्यांना खरंच ऐकू येतं का. मी म्हटलं, येतं, नावाने हाक मारून बघा. ती आत गेली, पलंगाच्या कठड्याला धरून दहा मिनिटं उभी राहिली आणि तोंड न उघडता बाहेर आली. दुपारी पुन्हा तेच. मला राग आला. तो मला लवकर येतो. चारच्या वर्गात सगळ्यांदेखत मी तिला विचारलं की नवरा तिथे तसा पडलाय आणि तुमच्याने एक नाव घेववत नाही?

सगळ्या बायका खाली फरशीकडे बघू लागल्या. शेवटी अकोले तालुक्यातली एक म्हातारी, जिचा मुलगा आत होता, मला समजावून सांगायला लागली.

"नवऱ्याचं नाव कसं घ्यावं तिनं? आमी उखान्यात घेतो, त्ये बी लोकांनी लई आडवल्यावर."

मी माझ्या नवऱ्याला वीस वर्षं नावाने हाक मारते, बहुतेक वेळा ओरडून. इतकी वर्षं मी ती ओळ ठणकावून वाचत आले आणि समोरच्या निम्म्या बायकांना ती पाळताच येत नव्हती. कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

मग मी तिला विचारलं, कामाला जायला त्यांना उठवता कसं? म्हणाली, अंगठा हलवते. आम्ही दोघी आत गेलो, मागून दीर आला. तिने चादरीखाली हात घालून नवऱ्याच्या पायाचा अंगठा धरला आणि रोजच्यासारखं, जरा करवादूनच म्हणाली, "अवं, उठा की. गाडी आली." उसाची गाडी.

पडद्यावर नाडीचा आकडा ऐंशीवरून एकशेदहावर गेला. दीर म्हणाला, मशीनच ते, चढायचं नि उतरायचं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"हायेत त्ये," ती म्हणाली.

तिने सही केली नाही. संध्याकाळी जीप रिकामी परत गेली. दीर मात्र थांबला, हेही सांगायला हवं.

कागदावरची चौथी ओळ मी पेनाने खोडली आणि लिहिलं, घरी मारता तशी हाक मारा. ती रोज दोन्ही वेळा आत जाऊन गाडी आल्याचं सांगत राहिली. त्यानंतर चौथ्या दिवशी तिच्या मुठीत अंगठा हलला. मग पापण्या हलल्या, मग श्वास आपला आपण सुरू झाला आणि नळी निघाली.

बोलता येऊ लागलेल्या प्रत्येकाला मी विचारते, काही ऐकू येत होतं का. त्यालाही विचारलं.

"समदं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लाकडं किती सांगितली त्ये बी."

दीर भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचू लागला. पण पलंगावरच्या माणसाची तक्रार भावाबद्दल नव्हती, बायकोबद्दल होती.

"ही रोज म्हनायची गाडी आली, गाडी आली. एकदा बी आली न्हाई."

बायको त्याच्या पायावरची चादर सारखी करत होती.

"जीप आल्ती," ती म्हणाली. "म्या माघारी लावून दिली."