कोरी वही

बोरीवलीत माझ्या घरच्या हॉलमध्ये मी कॉलेजच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते. मागच्या वर्षी चारकोपहून एक मुलगी यायची. एकच विषय राहिला होता, आणि या वेळी नापास झाली तर घरचे तिचं कॉलेज बंद करणार होते. पहिल्या दिवशी नवीकोरी फुलस्केप वही घेऊन आली. "मॅडम, हा शेवटचा चान्स."

म्हटलं, घाबरतेस काय एवढी? माझ्या लॅपटॉपवर एक झकास प्रकार आहे. प्रोग्रॅम टाकायचा आणि 'पुढे' बटण दाबत जायचं. बाण एकेका ओळीवरून सरकतो, शेजारी काढलेल्या चौकोनांतले आकडे डोळ्यांदेखत बदलतात. ती बटण दाबायची, मान डोलवायची.

"समजलं?"

"समजलं, मॅडम."

दोन महिने हेच. मी तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले होते की चित्रं दाखवली की पोरं कशी पटापट शिकतात बघा!

निकाल लागला. नापास. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन ती माझ्याकडे आली. आपल्याकडे कॉम्प्युटरचा पेपरही पेननंच लिहायचा. प्रश्न साधा होता: लूपच्या, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालतात त्याच्या, प्रत्येक फेरीत आकडे काय होतात ते लिहा. बाईसाहेबांनी पट्टीनं सुबक चौकोन आखले होते, बाणही काढला होता. आत एक आकडा नाही!

माझं डोकंच फिरलं. "अगं, मग रोज समजलं समजलं काय म्हणत होतीस? केसानं गळा कापलास माझा!" फार लागलं होतं मला. इतका जीव लावला आणि पोरगी दोन महिने तोंडावर खोटं बोलली, असंच वाटत होतं.

ती रडली नाही. "खोटं नव्हते बोलत, मॅडम. बटण दाबलं की समजायचंच. पेपरात बटण नव्हतं ना." मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. दाबायच्या आधी पुढचा आकडा वहीत लिहून बघू का? तुम्ही म्हणालात, वेळ कशाला घालवतेस, दाब."

म्हणाले होते मी. लख्ख आठवलं.

सोमवारपासून ती मामाच्या दुकानात बसणार होती. निघताना तिनं पिशवीतून ती फुलस्केप वही काढून टेबलावर ठेवली.

"कोरीच आहे, मॅडम. दुसऱ्या कोणाला तरी द्या."