विमलमावशी आणि पहिलं दूध

दुसरा तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले, तेव्हा फोनवर विमलमावशींच्या भाचीचे तीन मिस्ड कॉल होते. "सकाळी चहा मागितला, आणि मी कप घेऊन येईपर्यंत..." मी उलट फोन केल्यावर एवढंच ती बोलू शकली. मावशींचं वय झालं होतं, त्रास न होता गेल्या, हे सगळं खरं. तरी पुढच्या तासाला मी मुलींना काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही. आता दीड महिना होऊन गेलाय. मावशींबद्दल लिहायला बसावं, असं पहिल्यांदाच वाटतंय.

त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. सक्करदऱ्यात आमच्या समोरच्या घरात राहायच्या. उमरेडच्या विणकराच्या घरातली ही मुलगी शिकत शिकत मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापक झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. भाजीवाला असो की कॉलेजचे मोठे साहेब, सगळ्यांशी त्या एकाच भाषेत बोलत, घरच्या. पहिली दोन वर्षं आमची ओळख कढीपत्ता मागण्यापुरतीच होती.

मग माझी मुलगी आर्या सातव्या महिन्यातच जन्मली. तळहाताएवढी दिसायची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि नर्सबाईंनी मला सांगितलं होतं की पहिलं दूध हाताने काढून वाटीत आणा, त्याचे थेंब आम्ही तिच्या गालाच्या आत लावू. माझ्या वाटीत जमायचे चार-पाच थेंब. पिवळसर, चिकट. माझ्या सासूबाई कुहीहून धावत आल्या होत्या, दिवसभर माझ्याजवळ बसून असायच्या. त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पिवळं दूध जड असते वं. एवढ्याशा जीवाले कसं पचन? पांढरं उतरू दे, मंग देऊ." त्या मायेनेच बोलत होत्या. मी घाबरलेली होते, थकलेली होते, आणि त्या चार थेंबांची मला लाजही वाटत होती. दोनदा मी ते रुमालाने पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी डबा घेऊन आल्या. रुमाल उशाशीच होता. त्यांनी तो पाहिला, मला काही विचारलं नाही. सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या, धानाचं कसं काय, पाऊसपाणी कसं, अशा गप्पा झाल्या, आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या,

"ताई, घरी गाय असन ना तुमच्या?"

"दोन आहेत."

"व्याली का वासराले पहिले काय पाजता?"

"चीक. दुसरं काय पाजाचं?"

"काहून?"

"नाही पाजला त हगवण लागते. वासरू हाती लागत नाही मंग..." बोलता बोलता सासूबाई थांबल्या. मग उठल्या, हात धुतले, वाटी उकळून आणायला कुठे मिळेल ते नर्सबाईंना विचारून आल्या आणि माझ्यासमोर वाटी धरून म्हणाल्या, "काढ."

त्या दिवशी मावशींनी मला जे सांगितलं, ते पुढे मी कितीतरी जणींना सांगितलं आहे. "बाहेरची कातडी जाड आहे, तिची चिंता नाही. पण तोंडापासून आतड्यापर्यंत, नाकापासून फुप्फुसापर्यंत आतून जी ओली कातडी आहे ना, ती पातळच असाले लागते. नाही त दूध कसं जिरन, हवा कशी आत जाईन? अन् पातळ आहे म्हणूनच जंतू तिथून घुसाले पाहतात. मोठ्या माणसाच्या त्या अस्तरावर एक बुळबुळीत थर असते, त्यात प्रतिपिंडं मिसळलेली असतात. ते जंतूले धरतात, अस्तराले चिकटू देत नाहीत. चिकटला नाही की तो वाहून जाते. तुझ्या लेकीचा हा पहारा अजून उभा नाही राहिला. तोवर तुझा दे तिले. तो या पिवळ्या दुधातच आहे. थेंब मोजू नको."

मी मोजणं सोडलं. दर दोन-तीन तासांनी वाटी जायची. तिसऱ्या आठवड्यात आर्याचं पोट फुगलं, डॉक्टरांनी दूध थांबवून सलाईन लावलं, तेव्हा मी मावशींवरच चिडले. म्हटलं, तुम्ही तर सांगितलं होतं पहारा असतो म्हणून. त्यांनी माझा हात हातात घेतला. "दुधानं सगळंच टळते असं मी कधी म्हटलं वं? पण तिच्या बाजूनं एक माणूस जास्त उभा आहे, एवढं खरं. आता डॉक्टरांले त्यांचं काम करू दे." दोन दिवस आम्ही कॉरिडॉरमध्ये बसून काढले. तिसऱ्या दिवशी पोट उतरलं, आणि वाटी पुन्हा सुरू झाली. जन्मानंतर दीड महिन्याने आर्या घरी आली.

पुढे एकदा मावशी हसून म्हणाल्या, वासराचं गणित थोडं वेगळं असतं; चिकातली प्रतिपिंडं त्याच्या रक्तात उतरतात, माणसाच्या बाळाच्या मात्र बहुतेक आतड्यातच राहून पहारा करतात. "पण तुझ्या सासूले तेव्हा हे कशाले सांगू?" मी विचारलं, सासवांशी असं बोलायला शिकलात कुठे? मावशी म्हणाल्या, त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांना एक भाऊ झाला होता. रीतीप्रमाणे घरच्यांनी आईचं पहिलं दूध पिळून टाकलं, तीन दिवस बाळाला गुळाचं पाणी दिलं. त्याला हगवण लागली आणि अकराव्या दिवशी तो गेला. कॉलेजात आईच्या दुधावरचा धडा झाला, त्या शनिवारी विमल एसटीने उमरेडला गेली, आईला सांगायचंच असं ठरवून. आई अंगणात सूत गुंडाळत बसली होती. "तिनं मान वर केली, म्हणाली, जेवली का? अन् मी काहीच बोललो नाही. दुधानं नक्की वाचवलंच असतं त्याले, असंही कोण सांगन? पण तिनं उरलेला जन्म हेच घोकलं असतं... कोणाचं चुकलं नव्हतं वं. कोणाले माहीतच नव्हतं." आई जाईपर्यंत त्यांनी तिला ते सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर त्या दर मंगळवारी मेडिकल कॉलेजातल्या बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेरच्या लाकडी बाकावर जाऊन बसायच्या. बाळंतिणींशी कमी बोलायच्या, त्यांच्या सासवांशी आणि आयांशी जास्त. कोणी त्यांना नेमलेलं नव्हतं. गेल्या मंगळवारी शाळा सुटल्यावर मी तिथे गेले. का गेले, मलाही नीट सांगता येणार नाही. बाकाच्या एका टोकाला नऊवारीतली एक म्हातारी बसली होती. तिने मला विचारलं, "ते चश्मेवाली बाई आज आली नाही का? मागच्या वेळीही दिसली नाही."

मी सांगितलं. म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "तिनं सांगतलं होतं, पहिलं दूध टाकू नका. मी लय भांडलो होतो तिच्याशी. पण टाकलं नाही. आता नातू वर्षाचा झाला, तिले सांगाले आलो होतो."

"मला सांगा," मी म्हटलं.

ती सरकली, बाकावर मला जागा केली, आणि नातवाला किती दात आले तिथून सांगायला लागली.