भरलेली बाटली

ॲरिझोनातल्या वाळवंटी डोंगरावर मी आणि माझा नवरा नितीन सकाळीच चढायला लागलो होतो. पहिल्या वळणावर दगडावर बसलेल्या सत्तरीच्या अमेरिकन बाईने आम्हाला थांबवलं. नितीनच्या सॅकला खोचलेली पाण्याची बाटली तिने बोटाने वाजवून पाहिली.

"अजून उघडली नाहीस?" तिने विचारलं.

"हिला वर लागेल म्हणून ठेवलीय," तो म्हणाला.

ती शांतपणे म्हणाली, "माझा नवराही हेच म्हणाला होता. इथून थोडं वरच ऊन लागून तो गेला, तेव्हा त्याच्या सॅकमध्ये भरलेली बाटली होती. माझ्यासाठी ठेवलेली."

तिने नितीनचं मनगट धरलं. तो बाटली उघडून पाणी पिऊ लागला. अर्धी बाटली संपेपर्यंत तिने त्याचं मनगट सोडलं नाही.